इंगवल्यांच्या सुनेचा जाहीर खुलासा

"पेपर मागून वाचावा," ताई म्हणाल्या. "पुढच्या पानावरचं सगळ्यांना आधीच ठाऊक असतं."

त्यांनी चष्मा नाकावर ओढला आणि आमच्या दैनिकाचं शेवटून दुसरं पान गुडघ्यांवर पसरलं. हे जाहीर नोटिसांचं पान. जमिनीचे सौदे, हरवलेले दाखले, नावातले बदल, आणि त्यांच्या मधेमधे नवऱ्यांनी बायकांविरुद्ध दिलेल्या नोटिसा. ताईंच्या हातात शिवणकामाची कात्री होती.

"लेख झालाय का?" मी विचारलं.

"चहा घ्या."

म्हणजे झालेला नव्हता. दर गुरुवारी मी त्यांच्या सदराचा मजकूर न्यायला यायचो आणि दर गुरुवारी तो माझ्या डोळ्यांदेखत पुरा व्हायचा. ताई सोप्यात पाटावर बसून, मांडीवर पुठ्ठा घेऊन लिहायच्या. मी समोर बसून घड्याळाकडे बघायचो. संध्याकाळच्या एसटीनं पाकीट कोल्हापूरला छापखान्यात पोचलं नाही तर माझी खरडपट्टी निघायची, त्यांची नव्हे.

सत्यभामा कोगेकर हे नाव आज सांगितलं तर लोक आठवायला बघतात आणि सोडून देतात. तेव्हा आमच्या तालुक्यात ते शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं. तरुणपणी त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. एक दिवस शाळा सुटल्यावर घरी आल्या तर दाराला कुलूप. दुसऱ्या दिवशी पेपरात नवऱ्याची नोटीस, की सदरहू बाई घर सोडून निघून गेली असून तिच्या व्यवहारास मी जबाबदार नाही. त्या नोटिशीपासून त्यांचं लिहिणं सुरू झालं. नोटिशीतल्या बायकांना शोधून, त्यांच्याशी बोलून त्यांनी जे पुस्तक लिहिलं त्याचं नावच 'सदरहू बाई'. त्याला राज्याचा पुरस्कार मिळाला. त्या पैशांत दोन खोल्या वाढवून त्यांनी आपल्या घरात नवऱ्यानं टाकलेल्या बायकांना ठेवून घ्यायला सुरुवात केली.

त्यांची कामाची रीत साधी होती. सकाळी पेपर आला की अशी नोटीस कापायची. त्यात बाईच्या माहेरचं गाव लिहिलेलं असतंच, कारण वकिलांना ते लागतं. कात्रण पिशवीत टाकायचं आणि आठच्या एसटीनं त्या गावाला जायचं. बहुतेक ठिकाणी बाईच्या आधी बाईची आई रडत बाहेर यायची.

तशाच एका नोटिशीतून पंधरवड्यापूर्वी त्यांनी नलिनीला आणलं होतं.

नलिनी आबासाहेब इंगवल्यांची सून. आबासाहेब साखर कारखान्याचे संचालक, येत्या निवडणुकीत चेअरमन व्हायच्या बेतात. नोटीस तिच्या नवऱ्याच्या, धैर्यशीलच्या, नावानं होती, की ती कोणास न सांगता निघून गेली. खरं म्हणजे तिला रात्रीच्या मुक्कामाच्या गाडीत बसवून दिलं होतं, अंगावरच्या लुगड्यानिशी. उजव्या कानानं तिला ऐकू यायचं बंद झालं होतं, तो मार ताजा होता. माहेरचे तिला ठेवून घ्यायला घाबरत होते. बाप इंगवल्यांच्याच मळ्यात वाटेकरी. आणि तिचं आठ महिन्यांचं पोर इंगवल्यांनी ठेवून घेतलं होतं.

बायनाक्का चहा घेऊन आली. ही ताईंकडे आलेली पहिली बाई. आता घर तीच चालवायची, आणि ताईंनासुद्धा.

"आज बी झाडालाच घालतीया," ती कप ठेवत म्हणाली.

"कोण?" मी विचारलं.

तिनं मागच्या दाराकडे हनुवटी उडवली. परड्यात शेवग्याच्या बुंध्याशी नलिनी पाठमोरी बसली होती. खांदे पुढे, मान खाली. ती काय करते आहे ते मला कळायला थोडा वेळ लागला आणि कळल्यावर मी मान फिरवली. ती अंगावरचं दूध पिळून टाकत होती.

"रात्रभर कण्हती. दगड झाल्यात छातीचे," बायनाक्का म्हणाली. "दूध आटंल असलं कायबी देऊ नको म्हणती. पोर आल्यावर काय पाजू म्हणती."

"तू आत जा," ताई म्हणाल्या.

"जाते. तुम्ही कापा कागद."

साखर कारखान्याचा हंगाम लागला होता. सकाळच्या थंडीत मळीचा वास खाली बसलेला असायचा आणि घरातल्या प्रत्येक वस्तूला चिकटायचा. त्या वासातच जीप येऊन दारात थांबली आणि मगदूम वकील उतरला.

मगदूम आबासाहेबांचा वकील, चाळिशीचा, अंगानं भरलेला, अदबशीर. त्यानं चप्पल बाहेर काढली आणि वाकून ताईंच्या पायाला हात लावला. तो त्यांचा शाळेतला विद्यार्थी होता.

"बस, मगदूम. इंगवले बरे पैसे देतात म्हणायचं. पोट सुटलं."

"बाई, तुमच्या आशीर्वादानं."

"माझ्या आशीर्वादानं नाही. बोल."

मगदूमनं माझ्याकडे पाहिलं.

"शिरगुप्पे इथेच बसणार," ताई म्हणाल्या. "तुला जे बोलायचंय ते शेवटी त्यांच्याच पेपरात जाणार असेल."

तो हसला. "तसंच आहे. बाई, आबासाहेब सुनेला परत घ्यायला तयार आहेत. मानानं. पोर तिच्या ओटीत देतील."

"निवडणूक कधी आहे?"

"पुढच्या महिन्यात."

"हं."

"तुम्ही कारखान्याच्या गेटवर बायका घेऊन बसलात. विरोधी पॅनेलवाले गावोगाव तेच सांगत फिरतायत, की ज्याला सून नांदवता येत नाही तो कारखाना काय चालवणार. आबासाहेबांचं म्हणणं एवढंच, की सुनेनं एक जाहीर खुलासा द्यावा. आपण कोगेकर बाईंच्या सांगण्यावरून घर सोडलं, सासरचा काही दोष नाही. एवढं छापून आलं की विषय संपला."

"आणि नाही दिला तर?"

"बाई, तुम्ही कोर्टात जा. पाच वर्षांच्या आतलं पोर, आईचा हक्क आहे, मी नाही कशाला म्हणू? पण पोर बेळगावात आहे. कोणाच्या घरी ते मलासुद्धा सांगितलेलं नाही. हुकूम इथला, पोलीस तिथले. तारखा पडत राहतील. तोवर ते चालायला लागेल. दुसरीलाच आई म्हणायला लागेल."

तो हे धमकीच्या सुरात बोलला नाही. एसटीचं वेळापत्रक सांगावं तसं बोलला, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

"कुठं सही करायची?"

नलिनी मधल्या दारात उभी होती. पदरानं हात पुसत. बाविशीची असेल. तिच्या पोलक्यावर दोन ओले डाग होते आणि ती ते झाकत नव्हती.

"आत जा, नलिनी," ताई म्हणाल्या.

"कुठं सही करायची, सांगा वकीलसायेब."

"अगं, ऐक. त्या घरात तू परत गेलीस तर काय होईल ते तुला ठाऊक आहे. एक कान गेलाय तुझा. मी उद्या कोल्हापूरला जाते, मोठ्या वकिलांना भेटते. बेळगावातसुद्धा माझ्या ओळखी आहेत. मला महिनाभर दे."

"महिनाभर काय पिईल ते?"

ताईंची नजर तिच्या पोलक्यावरच्या डागांवर गेली.

"ताई, तुमचं पुस्तक मी शाळेत असताना वाचलंय," नलिनी म्हणाली. "बाईंनी दिलं हुतं वाचायला. लई रडले. पण त्यातल्या एकीचं बी पोर तुम्ही परत आणलेलं न्हाई. हितं बायनाक्का हाय, तिची लेक तिकडंच वाढली, लगीन झालं तरी हिला कळलं न्हाई. तुम्ही लिवता. लई चांगलं लिवता. पर मला पुस्तकात जायचं न्हाई. मला माझं पोर द्या."

आतून बायनाक्काचा भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

मी ताईंना पंधरा वर्षं ओळखत होतो. सभेत त्यांच्यावर शेण फेकलेलं पाहिलं होतं. पदर झटकून त्यांनी पुढचं वाक्य सुरू केलं होतं. त्या सकाळी त्यांनी हातातली कात्री उघडली, मिटली, आणि पाटाखाली ठेवून दिली.

"दाखव कागद, मगदूम."

त्यानं खिशातून टाइप केलेला कागद काढला. ताईंनी तो वाचला. पुन्हा वाचला. मग माझ्याकडे दिला. 'कोगेकर बाई ही दुष्ट प्रवृत्तीची बाई असून तिने मला फूस लावून तिचे घरात डांबून ठेवले' अशी सुरुवात होती. पुढे पूज्य सासरे, पूज्य सासूबाई, देवमाणूस पती. शेवटी पुन्हा दुष्ट प्रवृत्ती.

"हे तू लिहिलंस?"

"हो, बाई."

"मी तुला मराठीत किती मार्क दिले होते?"

"काठावर पास."

"तेसुद्धा जास्त झाले." त्यांनी कागद माझ्या हातून परत घेतला. "डांबून ठेवले म्हणतोस. माझ्या दाराला बाहेरून कडी नाही, सगळ्या गावाला ठाऊक आहे. हे छापलं तर लोक हसतील. पोरीकडून लिहून घेतलंय म्हणतील. आबासाहेबांचं काम होणार नाही. आणि त्याचं उट्टं कोणावर निघेल?"

मगदूमनं नलिनीकडे पाहिलं.

"हिच्यावर निघेल. निवडणूक हरले तर आयुष्यभर निघेल. खुलासा द्यायचाच असेल तर लोकांना पटला पाहिजे. शिव्या असल्या की पटत नाही. त्यात दुःख पाहिजे." त्या माझ्याकडे वळल्या. "शिरगुप्पे, लिहा."

"मी?"

"माझं अक्षर तुमच्या छापखान्यात सगळे ओळखतात."

"ताई, हे छापून आलं की तुमच्या संस्थेचं सरकारी अनुदान जाईल. या घरात कोणी बाई पाठवणार नाही. तुम्ही असं..."

"संध्याकाळची गाडी गाठायचीय ना तुम्हाला? लिहा."

मी पुठ्ठा मांडीवर घेतला.

त्या उठल्या आणि सोप्यात फेऱ्या घालू लागल्या. सदर लिहितानाही त्या अडल्या की अशाच फिरायच्या. मगदूम खांबाला टेकून उभा होता. नलिनी दारातून हलली नव्हती.

"सासूशी पहिलं भांडण कशावरून झालं?" ताईंनी तिला विचारलं.

"भाकरी करपली म्हणून."

"काय म्हणाली?"

"म्हणाली न्हाई काय. उलथनं तापवून..."

"ठाऊक आहे. लिहा, शिरगुप्पे. 'भाकरी करपली म्हणून सासूबाई रागावल्या. माझी आईही रागावत असे.'"

नलिनीनं त्यांच्याकडे पाहिलं. ताईंनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"पुढे. 'हे मी कोणा परक्या माणसापाशी बोलायला नको होते. मी बोलले आणि ऐकणाऱ्यांनी साध्या कुरबुरींना अन्याय असे नाव दिले.' थांबा. ऐकणाऱ्यांनी नको. 'श्रीमती कोगेकर यांनी'. नाव आलं पाहिजे, नाहीतर आबासाहेब परत पाठवतील. 'त्यांच्या घरी मला जेवूखाऊ घातले, त्याबद्दल माझी तक्रार नाही.'"

"हे कशाला, बाई?" मगदूम म्हणाला.

"एखादं खरं वाक्य टाकावं लागतं. त्याच्या आधारानं बाकीची उभी राहतात. तुला हे शाळेत शिकवायचं राहून गेलं." त्या खिडकीपाशी थांबल्या. मग तिकडे तोंड करूनच, सावकाश, एकेक शब्द सुटा सांगितला. "'माझे घर मोडावे ही माझी इच्छा कधीच नव्हती, ती इतरांची गरज होती.'"

माझं पेन थांबलं.

"लिहिलंत?"

"लिहिलं."

"वाचा."

मी वाचलं. त्यांनी मान हलवली. एखादं वाक्य मनासारखं उतरलं की त्या हलवायच्या तशीच, खाली एकदा.

मगदूमनं कागद घेऊन सगळा वाचला. चष्मा काढून पुसला.

"बाई, हे..."

"आता तू दे मार्क," ताई म्हणाल्या. "आणि नीट ऐक. पोर आधी, कागद नंतर. पोर या उंबऱ्यावर हिच्या मांडीवर आलं की सही होईल. तुझ्या आबासाहेबांना सांग, बेळगाव फार लांब नाही."

मगदूम कागद माझ्या हातात देऊन गेला. दुपार झाली. बायनाक्कानं जेवायला वाढलं. ताई जेवल्या, त्या वाढलेलं पान कधी टाकायच्या नाहीत. नलिनी उंबऱ्याशी बसून राहिली. मी एकदा हळूच विचारलं, "आणि आजचा लेख?"

"दिला की," ताई म्हणाल्या. "तुमच्या खिशात आहे."

उन्हं कलल्यावर जीप आली. मागच्या सीटवर नलिनीची सासू होती. ती उतरली नाही. तिनं पोर मगदूमच्या हातात दिलं आणि मगदूमनं ते आणून नलिनीपुढे धरलं. लोकरीचं टोपडं, डोळ्यांत काजळ, गालाला तीट. नीट सांभाळलेलं पोर होतं. नलिनीनं हात पुढे केले तसं त्यानं तोंड फिरवलं आणि मगदूमच्या कोटाला धरलं.

तिनं ते सोडवून घेतलं, जीपकडे पाठ करून पायरीवर बसली आणि पदर ओढला. पोर रडलं, लाथा झाडल्या, मग एकाएकी गप्प झालं. त्यानंतर फक्त त्याच्या गिळण्याचा आवाज येत होता. मगदूम रस्त्याकडे बघत उभा राहिला. बायनाक्का आत निघून गेली.

"आणा कागद," नलिनी म्हणाली.

मी पाटावर कागद ठेवून तिच्या पुढ्यात धरला. एका हातानं पोर सावरत तिनं दुसऱ्या हातानं सही केली. शाळेतली मुलगी करते तशी, पूर्ण नाव, सुटं सुटं. तिनं तो वाचला नाही.

जीपमधून सासूचा आवाज आला. "पाया पड की तिच्या. एवढं दिस गिळलंयस तिच्यातलं."

नलिनी पोराला घेऊन उठली आणि वाकली. ताईंनी पाय मागे घेतले.

"नको," त्या म्हणाल्या. "उद्याच्या पेपरात ते शोभणार नाही."

जीप गेल्यावर त्या मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. एरवी कधी यायच्या नाहीत.

"शिरगुप्पे, हे कुठे बोलायचं नाही. ती पोरगी जिवंत आहे तोवर नाही. ते माझं आहे असं कळलं तर त्याची किंमत जाईल, आणि ती किंमत तिच्याकडून वसूल होईल."

"आणि मगदूम?"

"तो बोलायचा नाही. त्याच्या हातून पहिल्यांदाच काहीतरी चांगलं लिहून झालंय. ते तो स्वतःचंच म्हणून सांगेल."

तसंच झालं.

खुलासा शुक्रवारच्या अंकात आला. त्याच पानावर, विहिरीच्या हक्काची एक नोटीस आणि हरवलेल्या गुणपत्रिकेची एक, यांच्या मधे. पुढच्या आठवड्यात विरोधी पॅनेलची भाषणं थंडावली. आबासाहेब निवडून आले. ताईंच्या संस्थेची चौकशी लागली, चौकशीत काही निघालं नाही, अनुदान मात्र थांबलं ते थांबलंच. आमच्या संपादकांनी वाचकांच्या पत्रांचं कारण सांगून त्यांचं सदर बंद केलं. महिला मंडळानं संक्रांतीच्या कार्यक्रमाला त्यांना बोलावलं होतं ते बोलावणं परत घेतलं, आणि ते सांगायला आलेली बाई पायरीवरच उभी राहून म्हणाली, "राग मानू नका, पण बाई, आमच्यात काय म्हणतात ठाऊक आहे का? तुम्हाला घरं मोडायची गरजच पडते म्हणे." ताई म्हणाल्या, "असं म्हणतात का? छान म्हणतात."

नोटिसा कापणं त्यांनी थांबवलं नाही. पण त्या एखाद्या गावात गेल्या की दारं लागायची. पूर्वी पुरुष शिव्या द्यायचे, त्याचं त्यांना काही नसे. आता बायकाच आतून सांगायच्या, आमच्या घरात तसलं काही नाही, साधी कुरबुर आहे.

वर्षभरानं मला आमच्या कार्यालयात एक गोष्ट दिसली. जाहिराती घेणारे पोतदार यांच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली देवाचा फोटो, रेल्वेचं वेळापत्रक आणि एक कात्रण. मी वाकून पाहिलं. नलिनीचा खुलासा होता.

"हे इथे कशाला?"

"अहो, लोक येऊन तेच मागतात," पोतदार म्हणाले. "इंगवल्यांच्या सुनेसारखं करा म्हणतात. बायको पळाली, सून पळाली, काही असो. वकीलसुद्धा लिहीत बसत नाहीत, नुसतं नाव बदलून देतात. वाक्यच तसं आहे. बसतं कुठेही."

खरंच बसत होतं. त्या महिन्यातल्या तीन नोटिशींत ते होतं. 'घर मोडावे ही तिची इच्छा नसून ती इतरांची गरज आहे.' पुढे शेजारच्या तालुक्यांतून येऊ लागलं. मग दुसऱ्या दैनिकांतही.

मी ताईंना सांगणार नव्हतो. पण त्या पेपर मागून वाचायच्या.

एका उन्हाळ्यात मी सहज गेलो होतो. सदर बंद झालं तरी माझं गुरुवारचं जाणं सुटलं नव्हतं. त्यांनी पान पुढे केलं आणि बोट ठेवलं. कुठल्याशा शिक्षकाची बायकोविरुद्ध नोटीस. मी वाचलं.

"वाक्य बरं जमलंय," ताई म्हणाल्या. "लेखकाचं नाव तेवढं दिलेलं नाही."

मग त्यांनी कात्रीनं ती नोटीस कापली, घडी करून पिशवीत टाकली आणि उठल्या. आठची गाडी निघून गेली होती. त्या साडेनऊच्या गाडीनं गेल्या.

त्या खुलाशानंतर त्यांनी छापण्यासाठी काही लिहिलं नाही. आठेक वर्षांनी गेल्या. शोकसभेला वाचनालयाच्या सभागृहात पुढच्या चारपाच ओळी भरल्या होत्या. तालुक्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक त्यांच्या भाषाशैलीविषयी चांगलं बोलले आणि शेवटी म्हणाले, की एका पीडित भगिनीच्या लेखणीतून उतरलेलं ते वाक्य ताईंच्या कार्याला लागलेलं गालबोट ठरलं, पण काय वाक्य होतं ते. बायनाक्का माझ्या शेजारी बसली होती. ती उठून बाहेर जाऊन थुंकून आली.

नलिनी आली नव्हती. ती यायला नकोच होती. तिला मी नंतर एकदाच पाहिलं, एका लग्नात. अंगावर भरपूर दागिने, डोक्यावर पदर, शेजारची बाई डाव्या कानाशी बोलत होती. दहा-बारा वर्षांचा मुलगा तिच्या मांडीवर डोकं टाकून लोळत होता, एवढा मोठा होऊनही. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ओळख दाखवली नाही. तिनं नंतर ते छापलेलं वाचलं का, वाचून तिला काय वाटलं, हे मला ठाऊक नाही. मी विचारायला गेलो नाही. गेल्या वर्षी तिच्या निधनाची बातमी फोटोसकट आली. म्हणून हे आता सांगतोय.

मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. पेपर अजून मागूनच वाचतो. या सोमवारी चहा घेता घेता ते पान उघडलं. डाव्या कोपऱ्यात जाहीर नोटीस होती.

'माझी पत्नी ही कोणास काही न सांगता घर सोडून गेली असून तिच्या कोणत्याही व्यवहारास मी जबाबदार राहणार नाही. घरातील साध्या कुरबुरींना अन्याय असे नाव देऊन तिला चिथावण्यात आले आहे. माझे घर मोडावे ही तिची इच्छा नव्हती. ती इतरांची गरज होती.' खाली तिच्या माहेरचं गाव. त्याखाली, अजिंक्य धैर्यशील इंगवले.

टोपडं घातलेलं, काजळ घातलेलं ते पोर.

ते गाव आमच्या इथून एसटीनं दीड तासावर आहे. आठची गाडी अजून सुटते. बायनाक्काही आता नाही. मी पान पुन्हा वाचलं.

"एवढं काय वाचताय?" बायकोनं विचारलं. "कोण गेलं?"

"कोणी नाही. एका लेखिकेचं छापून आलंय."

"कोण लेखिका?"

"नाव दिलेलं नाही," मी म्हणालो.